दरोग्याने ऐकलं कसं?

'स्लमडॉग मिलियनेअर' २३ जानेवारी २००९ला भारतात एकाच दिवशी दोन भाषांत लागला. मूळ इंग्रजी आणि हिंदीत डब केलेला 'स्लमडॉग करोडपती'. मी आठवड्याच्या अंतराने दोन्ही पाहिले. इंग्रजी नोएडाच्या सेक्टर १८मधल्या एका मल्टिप्लेक्समध्ये, हिंदी गाझियाबादच्या बाजूला एका जुन्या, पंख्यांच्या थिएटरात. तेव्हा सगळीकडे वाद एकाच प्रश्नावर चालला होता: परदेशी दिग्दर्शकाने आपली गरिबी विकली का? हा वाद दिल्लीला नवा नव्हता. १९८०मध्ये नर्गिसने राज्यसभेत सत्यजित रायांवर हाच आरोप केला होता. मला त्या वादापेक्षा थिएटरातल्या अंधारात लोक कुठे हसतात, कुठे गप्प होतात, याचं कुतूहल जास्त होतं.

सेक्टर १८च्या थिएटरात संडासाच्या खड्ड्यातून माखून बाहेर येणारा, अमिताभची सही घ्यायला धावणारा पोरगा पाहून निम्मे लोक 'शी' म्हणाले आणि मग जोरात हसले. ते हसू सुटका झाल्याचं होतं. दंगलीत आई मरते, तिथे शांतता. निळ्या रंगात रंगवलेला, धनुष्यबाण घेतलेला छोटा राम त्या गल्लीत उभा राहतो, तेव्हा माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मोबाइल काढून वेळ पाहिली. मुलाच्या डोळ्यांत तापलेलं तेल ओतण्याच्या प्रसंगात मात्र सगळं थिएटर एकत्र श्वास रोखून होतं. शेवटी 'जय हो' सुरू झालं आणि एरवी श्रेयनामावली दिसली की पार्किंगकडे पळणारी नोएडाची माणसं खुर्च्यांत बसून राहिली, पाय हलवत.

मला पाय हलवता आले नाहीत. तो नाच छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या फलाटावर आहे. चित्रीकरण आधीचं, पण २६ नोव्हेंबरला अजून दोन महिनेही झाले नव्हते. मुंबईहून दिल्लीत आलेल्या माणसाला ते स्टेशन पडद्यावर दिसलं की आधी दुसरंच काहीतरी दिसत होतं. आजूबाजूला कुणाला तसं वाटल्याचं जाणवलं नाही. दिल्लीकरांना त्यांचे सप्टेंबरचे स्फोट होते, आम्हाला आमचं स्टेशन.

गाझियाबादला चित्रपट वेगळाच निघाला. इंग्रजी आवृत्तीत एक अवघड जागा आहे: पहिला तिसरा हिस्सा पोरं हिंदी बोलतात आणि मोठी झाली की चक्क इंग्रजी. देव पटेलचे उच्चार ऐकून हा मुलगा जुहूच्या झोपडपट्टीतला आहे, यावर विश्वास ठेवणं कठीण जातं. हिंदीत ही शिवण दिसतच नाही. मग गोष्ट सरळ सलीम-जावेदच्या घरातली वाटते: दोन भाऊ, एक वाईट वाटेला, एक सरळ, मध्ये मुलगी. गाझियाबादच्या प्रेक्षकांनी तिला तसंच घेतलं. सलीमला शिट्ट्या मिळाल्या, अनिल कपूरला शिव्या. इंटरव्हलला चहाच्या टपरीवर 'गरिबी विकली' हा शब्दही कुणी काढला नाही. एक हरकत मात्र आली आणि ती अस्सल साहित्यिक होती. 'दर्शन दो घनश्याम' कुणी लिहिलं, या प्रश्नाचं चित्रपटातलं उत्तर सूरदास आहे. मागच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ मोठ्याने म्हणाले, 'अरे, ये तो नेपाली जी का है।' त्यांचं बरोबर होतं. ते भजन १९५७च्या 'नरसी भगत'साठी गोपालसिंह नेपालींनी लिहिलेलं. म्हणजे त्या रात्री गाझियाबादचा एक माणूस बरोबर उत्तर देऊन हरला असता.

मराठी वाचकाला झोपडपट्टीचा चित्रपट म्हटलं की 'चक्र' आठवतो. जयवंत दळवींची कादंबरी १९६३ची, रवींद्र धर्मराज यांचा चित्रपट १९८१चा. त्यालाही लोकार्नोला सुवर्ण बिबट्या मिळाला होता. तेव्हा परदेशी पारितोषिक हा काही वेगळा निकष नव्हे. 'चक्र'मध्ये कुणी करोडपती होत नाही, शेवटी बुलडोझर येतो. २००४मध्ये यमुना पुश्त्यावर बुलडोझर फिरला तेव्हा मला तोच शेवट आठवला. आणि तरी मी हे म्हणेन की 'चक्र'मध्येही माझ्या आईबापांच्या पिढीने काय पाहिलं, तर स्मिता पाटीलची उघड्यावरची आंघोळ. पोस्टरवर तीच लावली होती. प्रेक्षक आपल्याला झेपेल तेवढाच चित्रपट घरी नेतो.

'स्लमडॉग'बद्दल माझा निकाल मी तोवर ठरवून टाकला होता: वेग अफाट, रहमान उत्तम, आणि शेवट खोटा. एक चहावाला पोरगा सगळी उत्तरं कशी देईल, हा तो खोटेपणा.

मग आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी तो पाहिला. मुलाने फुटपाथवरून सीडी आणली होती. त्या निठारीच्या गल्लीत राहतात. मी विचारलं, कसा वाटला? अच्छी है, म्हणाल्या. मग झाडू थांबवून, 'सब ठीक है दीदी, पर दरोगा ने सुन कैसे लिया?'

पोरग्याला उत्तरं येतात, याचं त्यांना काहीच नवल नव्हतं. ज्याच्या अंगावरून जे गेलं, ते त्याला माहीत असणारच. चित्रपटातही जमाल हेच म्हणतो: 'सत्यमेव जयते' आपल्याला येत नसेल, पण हवालदाराची सायकल कुणी चोरली हे जुहूतल्या पाच वर्षांच्या पोराला माहीत आहे. बाईंना पटलं नाही ते एवढंच की रात्रभर एक इन्स्पेक्टर समोर बसतो, टेप थांबवून विचारतो, ऐकतो आणि शेवटी म्हणतो, जा. आधीची मारहाण, विजेचे झटके त्यांना ओळखीचे वाटले. इरफान खान नाही.

निठारीत डिसेंबर २००६मध्ये एका कोठीमागच्या नाल्यात मुलांचे अवशेष सापडले. त्याआधी कितीतरी महिने पोरं हरवत होती आणि आईबाप चौकीत खेटे घालत होते. तक्रारी लिहून घेतल्या जात नव्हत्या. पुढे काही पोलिसांना नोकरीतून काढलं गेलं. सेक्टर १८चं ते मल्टिप्लेक्स तिथून काही किलोमीटरवर आहे. पडद्यावर पोरं पळवणारा मामन आला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला होता. मुंबईत काय काय होतं, असं वाटून.

मी पुन्हा चित्रपट पाहिला तो इन्स्पेक्टरसाठी. त्या दृश्यांत कॅमेरा थकतो, धावत नाही. इरफान फारसं काही करत नाही. फाईल मिटतो, पंख्याकडे बघतो, ऐकतो. बॉयलच्या सगळ्या धावपळीत ही एकच खोली स्थिर आहे, आणि गोष्टीचं सगळं वजन तिच्यावर उभं आहे. खेळ तर बहाणा आहे. हे मला माझ्या माझ्याने दिसलं नव्हतं, कारण मला पोलीस चौकीत खुर्ची मिळते.

फेब्रुवारीत आठ ऑस्कर आले. जानेवारीत देशाची बदनामी करणाऱ्या चित्रपटाचं गाणं काँग्रेसने निवडणुकीसाठी घेतलं, भाजपने त्यावर 'भय हो' काढलं. एप्रिलमध्ये प्रचाराची एक गाडी 'जय हो' वाजवत आमच्या फाटकाबाहेरून गेली. बाई खिडकीपाशी भांडी पुसत होत्या. म्हणाल्या, 'दीदी, ये वही दरोगा वाली फिल्म का है ना?'