जाळी म्हणजे चाळण नव्हे

मायक्रोवेव्ह भट्टीच्या दाराची जाळी दाखवून आपण वर्गात सांगतो, की भोकांपेक्षा बरेच लांब तरंग त्यातून जात नाहीत. राइनहार्ड उलरिख यांचा 'इन्फ्रारेड फिजिक्स'मधील १९६७ सालचा निबंध वाचला, की हे स्पष्टीकरण किती अपुरे आहे ते कळते. पातळ पडद्यावर धातूचे सुटे चौकोन बसवले, तर लांब तरंग सहज जातात, आखूड अडतात! चाळणीची उपमा इथे कोलमडते. सलग जाळीत विद्युतप्रवाह मोकळा वाहतो. सुट्या चौकोनांत तो कडेला थांबतो. म्हणून उलरिख पहिलीला वेटोळे मानतात, दुसरीला धारित्र. बारावीच्या विद्युतमंडलाने गाळणी समजते, हे निबंधाचे बळ.

त्याची मर्यादाही आहे. तरंगलांबी नक्षीच्या घराहून लहान झाली, की विवर्तन सुरू होते आणि हे साधे मंडल पुरत नाही. १ टेराहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ०.३ मिलिमीटर, रिसीव्हरपुढील गाळणीची नक्षी त्याहून बारीक हवी. २००९ साली अवकाशात गेलेल्या हर्शेल दुर्बिणीच्या 'स्पायर' उपकरणात अशा जाळ्यांचे थर नको असलेले प्रारण अडवत होते.

उपमा जरूर द्यावी. ती कुठे तुटते, तेही विद्यार्थ्यांना सांगावे.