रानडुकराचे केस आणि मराठी लेखणी

मराठी शिकारकथेचा एक घाट ठरून गेलेला आहे. हाका सुरू होतो, जाळीतून डुक्कर फुटते, बार होतो, डुक्कर कोसळते. पुढच्या परिच्छेदात रात्र झालेली असते. शेकोटी पेटलेली असते, रस्सा उकळत असतो आणि सांगणारा गडी मांडी ठोकून मागच्या एखाद्या शिकारीची आठवण सांगत असतो. या दोन परिच्छेदांच्या मध्ये किमान तीन तास गेलेले असतात. त्या तीन तासांत ते राठ केसांचे, चिखलाने माखलेले, गोचिडांनी भरलेले धूड खाण्याजोगे कोणी केले, हे लेखक सांगत नाही. सांगावे असे त्याला वाटतच नाही. मी येथे कोणाचे नाव घेत नाही, कारण हा एखाद्या लेखकाचा दोष नव्हे. त्या लेखनप्रकाराची नजरच तशी आहे. बंदूक ज्याच्या हातात, कथा त्याची. विळा ज्याच्या हातात, तो दोन परिच्छेदांच्या फटीत पडतो.

मी पाटण तालुक्यातला. कोयना आणि केरा यांचा संगम जेथे होतो, त्या गावाच्या वरच्या अंगाला एका वाडीवर वाढलो. त्यामुळे ही फट माझ्या डोळ्यांसमोर रिकामी राहत नाही. तेथे काय चालते ते आधी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचा वाद हवेत जाईल.

डुकराचे केस घालवण्याच्या तीन रीती आहेत. एक सोलण्याची. बकरे सोलतात तसे डुक्कर सहजासहजी सोलले जात नाही. कातडे चरबीला धरून असते. सोलणाऱ्याचा हात जरा चुकला की चरबी कातड्याबरोबर जाते, आणि गरिबाच्या घरात चरबी म्हणजे तेल. जुन्या नराच्या खांद्यावर तर कातड्याची ढालच असते, तेथे सुरी बोथट होते. दुसरी रीत गरम पाण्याची. ओली पोती अंगावर टाकायची, वरून पाणी ओतत राहायचे, केस सुटू लागले की बोथट धारेने खरवडायचे. तिसरी भाजण्याची. वाळले गवत, पालापाचोळा, काटक्या यांचा जाळ करून त्यावर डुक्कर फिरवायचे. रानडुकराच्या मानेपासून पाठीवर जी आयाळ असते ती आधी जळते, तिचा वास साऱ्या वाडीवर पसरतो. मग काळे पडलेले अंग विळ्याने खरवडायचे, धुवायचे, पुन्हा जाळ दाखवायचा, पुन्हा खरवडायचे. कातडे पिवळसर तांबूस झाले की काम झाले. कान, नाकाड, खुरांच्या बेचक्या येथे सर्वांत जास्त वेळ जातो. खूर गरम आहे तोवर उपटायचे, गार झाले की निघत नाहीत. रॉकेल ओतून भाजणारा अडाणी समजावा, कारण तो वास मांसातून जात नाही.

आमच्या वाडीवर एक म्हातारे होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. पाण्याचे भांडे त्यांच्याच ताब्यात असे. आम्ही पोरे चुलीत लाकडे सारू लागलो की ते ओरडत, ‘‘आरं ए, पानी उकळू द्यू नगा! उकाळलं की क्यास बसला.’’ त्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. साधारण 60 ते 65 अंशांच्या पाण्याने केसांची मुळे सैल होतात. उकळते पाणी ओतले तर वरचे कातडे शिजून आकसते आणि केस आत घट्ट धरून ठेवते. मग ते निघत नाहीत, तुटतात. तात्यांजवळ थर्मामीटर नव्हता. ते पाण्यात बोट घालीत. लागोपाठ तीनदा बुडवता आले आणि चौथ्यांदा धीर झाला नाही, की पाणी तयार. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाच्या बोटात हे ज्ञान होते. मराठी समीक्षा ज्याला ‘अनुभवविश्व’ म्हणते, त्या शब्दात हे बोट बसते का, हा माझा प्रश्न आहे.

प्रस्थापितांच्या लेखनात ते बसले नाही, त्याला कारण आहे. डुक्कर हा प्राणी एक असला तरी या समाजव्यवस्थेने त्याचे दोन प्राणी केले आहेत. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वराहाच्या मांसाने पितर दहा महिने तृप्त राहतात असे सांगितले आहे. पाचव्या अध्यायात गावडुक्कर जाणून खाणारा द्विज पतित होतो असे सांगितले आहे. रानातला वराह श्राद्धाला चालतो, अवतार म्हणून देवळातही चालतो. गावातला वराह मात्र, त्याच गावाची घाण खाऊन गाव साफ ठेवतो म्हणून, विटाळाचा ठरतो, आणि त्याला पाळणारा माणूस त्याच्याहून विटाळाचा. रानडुकराची शिकार म्हणजे पराक्रम. गोऱ्या अधिकाऱ्यांनी घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारण्याचा खेळच केला होता. बेडन-पॉवेलने 1889 साली त्यावर आख्खे पुस्तक लिहिले. पण रान आणि गाव यांतला हा भेद जाळावर टिकत नाही. भाजताना रानडुक्कर आणि गावडुक्कर यांचा वास सारखाच येतो, खरवडणाऱ्याचे हात सारखेच काळे होतात. म्हणूनच शिकारकथा जाळापाशी यायच्या आत परिच्छेद बदलते. तेथे आली असती तर पराक्रम आणि विटाळ एकाच विळ्याखाली दिसले असते.

(एक गोष्ट जाता जाता. तैलचित्रे काढणाऱ्यांचा राठ ब्रश डुकराच्या केसांचा असतो. सौंदर्यशास्त्राच्या चर्चेत आमच्या विषयांना नाक मुरडणाऱ्यांनी कधीतरी तो ब्रश नाकाशी नेऊन पाहावा.)

आता आपल्या लेखनाकडे वळतो, कारण खरे बोलायचे आहे ते येथे. दया पवारांच्या ‘बलुतं’ने 1978 साली मेलेल्या जनावराभोवतीचे जग मराठी वाचकासमोर ठेवले आणि त्या वाचकाची झोप उडवली. आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने 1980 साली कैकाड्यांची पालावरची भूक सांगितली. हिंदीत ओमप्रकाश वाल्मीकींच्या ‘जूठन’मध्ये शाळकरी पोराला बैल सोलायला जावे लागते आणि ते ओझे डोक्यावर घेऊन गावातून यावे लागते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त, 2013 साली, डुक्कर थेट पडद्यावर आले. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजेच डुक्कर. जब्याचे कुटुंब डुकरामागे धावते, शाळेत राष्ट्रगीत लागते आणि सारे जागच्या जागी उभे राहतात, डुक्कर निसटते. मग धरलेले डुक्कर बांबूला टांगून बाबासाहेबांच्या चित्रापुढून नेले जाते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड प्रेक्षकाच्या अंगावर येतो. इतके प्रभावी दृश्य मराठी चित्रपटात मी फार थोडे पाहिले आहे.

तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘फँड्री’ डुक्कर वाहून नेण्यापाशी थांबतो. ‘जूठन’मधला पोरगा सोलायला शिकतो, पण ते शिकणे म्हणजे त्याच्या आयुष्यातली एक जखम आहे. जखम खरी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की आपण हे काम लिहितो तेव्हा फक्त लाजेच्या आणि संतापाच्या सुरात लिहितो. त्या कामातले कसब लिहीत नाही. हाताला काय कळत होते, धार कशी धरायची, पाणी केव्हा पुरे, हे आपल्या लेखनात फार क्वचित येते. शिकारकथेने ते तीन तास गाळले, आपण ते तीन तास रडून काढले. तात्या दोन्हीकडे नाहीत.

याला उत्तर मिळेल ते मला ठाऊक आहे. महाडला मार्च 1927 मध्ये बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले. मग तुम्ही पुन्हा विळा आणि खरवडणे यांचे कौतुक काय मांडले आहे? कार्यकर्त्यांकडून हा प्रश्न यावा हे बरोबरच आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. सोडायचे होते ते मृतमांस आणि त्याबरोबर गळ्यात अडकवलेले गावकीचे ओझे. आपल्या हाताने मारलेले, आपल्या जाळावर भाजलेले जनावर ही निराळी गोष्ट आहे. आणि खुद्द बाबासाहेबांनी 1948 साली ‘द अनटचेबल्स’ लिहिताना कोण काय खात होते हा प्रश्न अस्पृश्यतेच्या इतिहासाच्या मध्यभागी ठेवला. लाज बाजूला ठेवून, पुरावे समोर ठेवून. काम सोडणे आणि कामाची स्मृती पुसणे यांत अंतर आहे.

शिवाय ही लाज आपल्यातही समान वाटलेली नाही. आपल्यापैकी कित्येक जातींत डुक्कर वर्ज्य होते, आणि डुक्कर न खाणारा खाणाऱ्याकडे वरून पाहत असे. खाणाऱ्याच्या घरीसुद्धा त्याचे पातेले वेगळे, चूल अंगणात. पाणी आणायचे, राख भरायची, ते पातेले घासायचे, हे बायकांनी; खरवडायला पुरुष आणि पहिला तुकडाही पुरुषांना. याविषयी आपण गप्प आहोत. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 साली आले तेव्हा मला म्हणूनच आनंद झाला. मराठवाड्यातील महार-मांगांचे खाणे त्यांनी कृतीसह लिहिले. काय कसे कापतात, काय वाळवतात, तेलाशिवाय कसे शिजते, हे आक्रोश न करता सांगितले आणि तरीही त्यात विद्रोह आहे. पाककृतीच्या पुस्तकाने जे केले ते कथेला आणि कवितेला अजून जमायचे आहे.

आमच्या भागापुरते पाहिले तर वेळ थोडा उरला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. कोयना अभयारण्य 1985 मध्ये झाले, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 मध्ये. रानडुक्कर मारणे गुन्हा आहे. पिकाची नासधूस करणारे डुक्कर परवानगीने मारले तरी कायद्याच्या 39 व्या कलमाप्रमाणे ते धूड सरकारच्या मालकीचे. कायद्याच्या हेतूशी माझे भांडण नाही. जंगल राहिले तर पाणी राहील. पण त्यामुळे हे कसब आता बोलण्याची गोष्ट राहिलेली नाही. ज्यांच्या बोटांत ते होते ती माणसे एकेक करून चालली आहेत, आणि उरलेली अनोळखी माणसासमोर तोंड उघडत नाहीत.

मागच्या वर्षी आमच्या भागातल्या एका विद्यार्थ्याने आपली कथा माझ्याकडे वाचायला दिली. आजोबांच्या काळातली हकिकत होती; डुक्कर भाजण्या-खरवडण्याची दोन पाने होती. ‘‘सर, ही दोन पानं काढू का? मित्र म्हणतात किळस येते,’’ असे त्याने विचारले. मी ती ठेवायला सांगितली. फक्त एका ठिकाणी त्याने पाण्याला खळखळून उकळी आली असे लिहिले होते, तेवढे दुरुस्त करायला सांगितले.