‘आज्ञापत्रा’तील वृक्षविचार : एक पुनर्वाचन

आरमारासाठी रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, हा विचार शिवछत्रपतींची आज्ञा म्हणून नित्य उद्धृत केला जातो. वस्तुतः तो रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, १७१५ च्या ‘आज्ञापत्रा’तील आरमार-प्रकरणातला आहे, शिवछत्रपतींचे निधन १६८० सालचे. अमात्यांनी त्यांची राजनीती जवळून पाहिली होती, हे खरे. परंतु परंपरेचे सार निराळे आणि मूळ आज्ञा निराळी. हा भेद पुसला की उताऱ्याचे सुभाषित होते व त्यातील युक्तिवाद हरवतो.

तो युक्तिवाद असा : राज्यातील अरण्यांतले सागवान परवानगीने तोडावे, उणे पडेल ते परमुलखातून विकत आणावे, आंबा-फणस जहाजास उपयोगी असले तरी वर्जावे. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती संततीप्रमाणे वाढविलेली असतात. अगदी जीर्ण झाड घ्यावयाचे झाल्यास धन्याची संमती व मोबदला अवश्य.

यास निव्वळ निसर्गप्रेम म्हणणे अपुरे होय. याच ग्रंथाच्या दुर्ग-प्रकरणात गडावर आंबे, फणस, चिंचा लावून जतन करण्यास सांगितले आहे, आणि प्रसंगी त्यांचे लाकूड कामी येईल, असेही म्हटले आहे. म्हणजे भेद झाडाच्या जातीचा नसून ते कोणाच्या श्रमाने वाढले, याचा आहे.

या कसोटीचे मोल तुलनेने कळते. फ्रान्समध्ये १६६९ च्या वनविषयक फर्मानाने खाजगी रानांतील झाडांवरही आरमाराचा अग्रहक्क मानला. मलबारात १८०६ साली कॅप्टन वॉटसन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक होऊन कंपनीने सागवानाचा मक्ता चालविला. मालकांच्या तक्रारी वाढून १८२३ मध्ये तो रद्द करावा लागला. दोन्हीकडे राखण होती, संमती नव्हती.

नांदुऱ्यासारख्या पूर्णाकाठच्या काळ्या जमिनीच्या मुलखात डोलकाठीचा प्रश्न कधीच नव्हता. तरी १८६७ साली नागपूरला पोहोचलेला लोहमार्ग याच गावावरून गेला. रुळांखालच्या लाकडी स्लीपरांच्या मागणीने देशभर वनरक्षणास चालना दिली व १८६५ आणि १८७८ चे वनकायदे झाले. त्या कायद्यांचे मूल्यमापन करणाऱ्या अभ्यासकाने किती झाडे राखली, एवढेच न विचारता, ती कोणाला विचारून राखली, हेही विचारावे. ‘आज्ञापत्रा’चा खरा उपयोग तेथे आहे.