‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’मधील निर्वासित बालिकेचे शालेय अनुभवविश्व : एक चिकित्सा

निर्वासितांच्या साहित्याची चर्चा करताना समीक्षेचा रोख बहुधा गमावलेल्या भूमीकडे असतो. घर, नदी, आप्तजन यांच्या वियोगाचे दुःख हेच अशा लेखनाचे आशयसूत्र मानले जाते. थान्हा लाय या व्हिएतनामी-अमेरिकन लेखिकेच्या ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’ (२०११) या मुक्तछंदातील कादंबरीतही ते दुःख आहे. तथापि या कृतीचे मर्म अन्यत्र आहे. येथील नायिका देशाबरोबरच स्वतःची हुशारी गमावते आणि ती हिरावली जाण्याचे स्थळ शाळा हे आहे.

लेखिकेचा जन्म १९६५ मध्ये सायगाव येथे झाला. १९७५ मध्ये त्यांचे कुटुंब अमेरिकेत अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे आले. कादंबरीतील दहा वर्षांची ‘हा’ हीदेखील आई व तीन भावांसह सायगावच्या पाडावाच्या वेळी (३० एप्रिल १९७५) जहाजाने निघते व ग्वाम, फ्लोरिडामार्गे अलाबामात पोहोचते. नौदलातील वडील नऊ वर्षांपासून बेपत्ता आहेत. अलाबामाच का, याचे उत्तर इतिहासात सापडते. त्या वर्षी अमेरिकेने सुमारे १,३०,००० इंडोचिनी निर्वासित स्वीकारले. छावणीतून बाहेर पडण्यासाठी कुटुंबाची जबाबदारी घेणारा प्रायोजक आवश्यक असे, आणि एकाच भागावर भार पडू नये म्हणून ही कुटुंबे देशभर विखुरण्यात आली. प्रायोजक लवकर मिळावा म्हणून आई अर्जावरील धर्म बदलून ‘ख्रिस्ती’ असे लिहिते. हा प्रसंग लेखिका विलाप न करता नोंदवते, आणि म्हणूनच तो अधिक बोचतो.

अपूर्णांक अवगत असणारी, नदीचे पाणी शुद्ध कसे करावे हे शिकलेली ही मुलगी नव्या वर्गात मुळाक्षरे म्हणते, वीसपर्यंत अंक मोजते आणि वर्ग टाळ्या वाजवतो. तिच्या नावाचा उच्चार हास्याच्या ध्वनीसारखा. मुले त्याचाच हशा करतात. परंतु त्या हशापेक्षा टाळ्या अधिक क्रूर आहेत. चेष्टेला प्रत्युत्तर देता येते, कौतुकाला देता येत नाही. मराठी माध्यमातून येऊन महाविद्यालयाच्या इंग्रजी वर्गात मुके होणारे विद्यार्थी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या प्रसंगाचे निराळे स्पष्टीकरण नको.

कादंबरीचा रूपबंध याच ठिकाणी सार्थ ठरतो. रोजनिशीप्रमाणे दिवस नोंदलेल्या लहान लहान कवितांतून वाचकाला नायिकेचे मन ऐकू येते. ते मन तल्लख, हट्टी, प्रसंगी मत्सरी आहे. वर्गाला मात्र तिचे अडखळते इंग्रजीच ऐकू येते. इंग्रजी अनेकवचनाचा ‘स’ तिला सापाच्या फूत्कारासारखा भासतो, आणि व्याकरणाच्या अपवादांवर ती मनोमन जे ताशेरे ओढते ते एखाद्या भाषाभ्यासकाला शोभावेत. वाचक व वर्ग यांच्या श्रवणातील हे अंतर गद्यात इतक्या थोडक्या शब्दांत साधणे अवघड होते.

पपईची प्रतिमा मात्र बहुचर्चित असूनही थोडी अतिस्पष्ट वाटते. सायगावच्या अंगणातील स्वतः बी पेरून वाढवलेले झाड, आणि शेजारीण मिसेस वॉशिंग्टन भेट देतात ती साखरेत घोळलेली सुकी पपई. नायिका ती कचऱ्यात टाकते. आई साखर धुऊन, फोडी भिजवून तिला तडजोडीचा धडा देते. मूळ चव येत नाही, पण अगदी वाईटही लागत नाही. ही ‘नाही’ आणि ‘पण’ यांमधील जागा लेखिकेने प्रामाणिकपणे जपली आहे. तिला समायोजनाची यशोगाथा म्हणणे घाईचे होईल.

खरी उणीव निराळीच आहे. व्हिएतनाम युद्धात पुत्र गमावलेल्या मिसेस वॉशिंग्टन निवृत्त शिक्षिका निघतात, आणि शाळेने निर्माण केलेला प्रश्न शाळेबाहेरच्या एका व्यक्तीच्या सौजन्याने सुटतो. शाळा होती तशीच राहते. भोजनगृहात गोरी मुले एका बाजूस व कृष्णवर्णीय मुले दुसऱ्या बाजूस बसतात, हे नायिकेच्या तीक्ष्ण नजरेने टिपले आहे. माँटगोमेरीतील बस-बहिष्काराला (१९५५-५६) तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती. या दोन्ही बाजूंत न बसणाऱ्या मुलीने कोठे बसावे, हा कादंबरीतील सर्वांत कठीण प्रश्न. लेखिका तिला दोन स्नेही देते आणि तो प्रश्न तेथेच सोडून पुढे जाते.