न रंगवलेला भाग

सुंगी म्लेंगेयाबद्दलचं लिखाण बहुधा बँकेपासून सुरू होतं. जन्म १९९१, दार-एस-सलाम; शिक्षण फायनान्सचं; मग बँकेतली नोकरी, २०१८मध्ये राजीनामा. चित्रकला कुणाकडे शिकलेली नाही. नोकरी सोडून आवडीचं करणाऱ्यांच्या अशा गोष्टी आम्ही आयटीवाले चहाबरोबर चघळत असतो. पण त्या नादात चित्रांकडे बघायचं राहून जातं.

पांढराशुभ्र कॅनव्हास आणि त्यावर ॲक्रिलिकमध्ये काळ्या कांतीची बाई. बऱ्याचदा चित्रकर्तीच्या ओळखीतलीच. बाईचे कपडेही पांढरे. कापड कुठे संपलं आणि मागची पोकळी कुठे सुरू झाली, हे सांगणारी रेघ जवळपास नसतेच. चेहरा, मान, हात, पाय एवढंच रंगवलेलं. मधलं धड आपला डोळा भरून काढतो. स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या चित्रकाराला कापडाच्या चुण्या, दागिन्याची चमक जमवून दाखवायचा मोह होतो. इथे सगळी मेहनत त्वचेवर खर्ची पडली आहे: खांद्यावरचा उजेड, गालाखालची तपकिरी सावली.

टांझानियात अशा चित्रकारासाठी एक मळलेली वाट होती. एडवर्ड सैदी टिंगाटिंगाने १९६८च्या सुमारास दार-एस-सलाममध्ये हार्डबोर्डवर सायकलच्या एनॅमल रंगांनी प्राणी-पक्षी रंगवायला सुरुवात केली. १९७२मध्ये पोलिसांच्या गोळीने तो गेला, पण त्याच्या नावाची शैली उरली आणि तिचा धंदा झाला. पर्यटकाला हवा असलेला टांझानिया त्या चौकोनांत मिळतो. म्लेंगेयाच्या पांढऱ्यात जिराफ नाही, बाओबाब नाही, किटेंगेची नक्षीसुद्धा नाही. गावाचा, देशाचा पत्ता न देता ही बाई समोर उभी राहते. मला यात बँक सोडण्यापेक्षा मोठी महत्त्वाकांक्षा दिसते.

तक्रारही आहे. मी ही चित्रं पडद्यावरच पाहिली आहेत, आणि वेबपेज बनवणाऱ्याच्या नजरेला एक गोष्ट लगेच खटकते. पानही पांढरं असलं की कॅनव्हासची कडच नाहीशी होते. बाई थेट पानावर येते, फार देखणी दिसते, एखाद्या उत्तम पोस्टरसारखी. (रात्री डार्क मोड लावला की चौकोन परत येतो, तेव्हा कुठे आठवतं की पांढरा हाही रंग आहे.) नखाएवढ्या आकारातही चित्र कळतं, आणि भीती त्याचीच वाटते. एकटी, शांत, स्वतःत रमलेली बाई अशी चार चित्रं ओळीने पाहिल्यावर पाचव्यात पांढरा नेमकं काय करतोय, हा प्रश्न पडेनासा होतो. आफ्रिकी व्यक्तिचित्रांना चढा भाव आलेल्या काळात एका नजरेत ओळखू येणारी शैली विकणाऱ्यांना सोयीचीच.

म्हणून मला २०२२मध्ये लंडनच्या आफ्रिका सेंटरमध्ये लागलेली 'अनकोरिओग्राफ्ड'मधली चित्रं जास्त महत्त्वाची वाटतात. त्यांत बायका नाचतात, आणि नाचाला जमीन लागते. ती रंगवलेली नाही. तरी शरीराचं वजन कुठल्या पायावर आहे हे नेमकं कळतं, ते केवळ मांडीवरच्या ताणावरून.