सासवण्याची म्हैस आणि पुण्याचा घोडा

बिबवेवाडीत मी राहतो त्या भागातल्या एका छोट्या बागेत काही वर्षांपूर्वी पुतळा बसवायचे ठरले. कुणाचा, ते इथे महत्त्वाचे नाही. चौथऱ्यावरच्या पाटीचा मजकूर लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले, कारण शुद्ध मराठी लिहिणारा म्हणून आसपासच्या सोसायट्यांत माझे नाव उगाचच झालेले आहे. मी नऊ ओळी लिहून दिल्या. शेवटची ओळ होती ‘शिल्पकार’ आणि पुढे त्या गृहस्थांचे नाव. पाटी कोरून आली तेव्हा तिच्यावर अनावरण करणाऱ्यांचे नाव होते, प्रमुख उपस्थितांची नावे होती, ‘विशेष प्रयत्न’ होते, ‘संकल्पना’ म्हणून आणखी एक नाव होते. शिल्पकाराची ओळ तेवढी गळाली होती. जागा पुरली नाही, असे सांगण्यात आले. पुतळा फायबरचा, वरून ब्राँझचा रंग दिलेला. भाव फुटावर ठरला होता.

त्या गळालेल्या ओळीमुळे मी विनायक पांडुरंग करमरकरांकडे वळलो. नानासाहेब करमरकर म्हणूनही त्यांना ओळखत. पुण्यात त्यांचे एक फार मोठे काम आहे आणि ते रोज हजारो लोकांच्या नजरेखालून जाते. शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला छत्रपतींचा अश्वारूढ पुतळा पाहिला नाही असा पुणेकर विरळा. तो कुणी घडवला हे सांगू शकणारा त्याहून विरळा. मी स्वतः चाळिशी उलटेपर्यंत दुसऱ्या गटात नव्हतो, हे कबूल करतो.

करमरकरांचा जन्म १८९१ चा, अलिबागजवळच्या सासवणे गावातला. घरात गणपती घडवण्याची परंपरा होती. म्हणजे मातीशी पहिली ओळख शाळेत झाली नाही, पाटावर झाली. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या पोराने शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. ते कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या पाहण्यात आले आणि त्यांच्या मदतीने मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचला. हे रॉथफील्ड चित्रांची जाण असलेले अधिकारी होते. भारतीय स्त्रियांवरच्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाला पुढे धुरंधरांनी चित्रे काढली. साहेबाने खेड्यातला हिरा शोधला, अशी ही गोष्ट सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. मला तिच्यातली भिंत जास्त महत्त्वाची वाटते. देवळाची भिंत ही सगळ्या गावाची जागा. या माणसाने पहिले चित्रच सार्वजनिक काढले, आणि तेही त्याच विषयाचे, ज्याने पुढे त्याचे नाव झाले.

जे. जे.तून मेयो पदक घेऊन बाहेर पडल्यावर त्यांनी सुरेंद्रनाथ टागोरांच्या प्रोत्साहनाने कलकत्त्यात कार्यशाळा थाटली. १९२० साली ते लंडनला रॉयल अकॅडमीत शिकायला गेले. परत आले ते इंग्रजी शिल्पशाळेचे सगळे व्याकरण हातात घेऊन.

हे व्याकरण आपल्याकडे त्याआधीच उभे होते, रस्त्यावर. मुंबईत मॅथ्यू नोबलने घडवलेला संगमरवरी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा १८७२ पासून बसलेला होता. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तो दिला होता. त्याच पुतळ्याला दामोदर चाफेकरांनी डांबर फासले आणि खेटरांची माळ घातली. १८७९ साली आला तो व्हिएन्नात जन्मून इंग्लंडात स्थायिक झालेल्या एडगर बोहमने केलेला अश्वारूढ युवराज, पुढचा सातवा एडवर्ड. देणगी आल्बर्ट ससूनची. मुंबईकरांनी या पुतळ्याचे जे केले ते कोणत्याही समीक्षेहून तिखट आहे. त्यांनी स्वाराकडे लक्षच दिले नाही, चौकाला ‘काळा घोडा’ म्हणायला सुरुवात केली. १९६५ मध्ये पुतळा हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, तरी नाव घोड्याचे राहिले ते राहिलेच. आता तिथे बसवलेल्या नव्या घोड्यावर स्वारच नाही. म्हणजे लोकांनी फार पूर्वी केलेली दुरुस्ती शिल्पात उतरली, एवढेच.

करमरकरांपुढचा प्रश्न असा होता. अश्वारूढ पुतळा ही भाषाच मुळी राज्यकर्त्यांची. रोममधल्या मार्कस ऑरेलियसपासून पादुआतल्या दोनातेल्लोच्या गात्तामेलातापर्यंत आणि तिथून बोहमपर्यंत ती एकाच घराण्यात फिरत आलेली. त्या भाषेत शिवाजी महाराज बोलवायचे कसे, की स्वार राहील आणि नुसता घोडा उरणार नाही?

त्यात पुण्याची त्या वेळची हवा. अखिल भारतीय श्री शिवाजी मेमोरियल सोसायटी १९१७ ची. मागे उभे होते कोल्हापूरचे शाहू छत्रपती आणि ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे. १९ नोव्हेंबर १९२१ ला स्मारकाची कोनशिला बसवली ती प्रिन्स ऑफ वेल्सने, आणि याच युवराजाच्या दौऱ्यावर काँग्रेसने बहिष्कार घातलेला होता. दोनच दिवस आधी मुंबईत दंगल पेटली होती. १९२४ मध्ये मंडईत लोकमान्यांचा पुतळा मोतीलाल नेहरूंच्या हस्ते उघडला गेला. पुढच्याच वर्षी केशवराव जेध्यांनी जोतीराव फुल्यांच्या पुतळ्याची मागणी नगरपालिकेत मांडली. ती फेटाळली गेली आणि त्या वादातून शहराची दोन शकले पडली. बिबवेवाडीहून शिवाजीनगरला जाताना स्वारगेटला बस ज्या चौकात अडकते तो याच जेध्यांच्या नावाचा. तिथे खोळंबून बसल्या बसल्या मी पुष्कळदा हिशेब मांडला आहे: ज्या पुण्यात एक पुतळा उभा राहतो, दुसरा नाकारला जातो आणि तिसऱ्याची कोनशिला परका युवराज बसवतो, त्या पुण्यात करमरकरांना एक घोडा उभा करायचा होता. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले, माधवराव १९२५ मध्ये. काम तडीला नेले राजाराम महाराजांच्या काळाने. जून १९२८ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते अनावरण झाले. ज्याने परकी सत्ता हटवली त्याच्या पुतळ्याचा पडदा परक्या सत्तेच्या हाताने दूर व्हावा, यातला विरोधाभास तेव्हाही कुणाच्या नजरेतून सुटला नसणार.

पुतळा साडेतेरा फूट उंचीचा, वजन आठ टनांच्या घरात. ओतकाम माझगाव डॉकमध्ये झाले, जिथे आगबोटींची कामे चालत. एवढे धातुकाम पेलणारी जागा दुसरी कुठून असणार? आधी सळ्यांच्या सांगाड्यावर माती, मग प्लास्टरचा साचा, त्यातून प्लास्टरची प्रत, तिच्यावरून ओतकामाचा साचा आणि शेवटी वितळलेला धातू. शिल्पकाराचा हात फक्त मातीला लागलेला असतो. पुढचे सगळे दुसऱ्यांच्या हातांवर विश्वास ठेवून चालते. पुतळ्याच्या पाटीवर नावे लिहायचीच तर त्या भट्टीवाल्यांचीही लिहायला हवीत, पण तो माझा वेगळा हट्ट.

हा घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला नाही. ही साधी दिसणारी गोष्ट मला या शिल्पातला सर्वांत मोठा निर्णय वाटते. उधळलेला, पुढचे दोन्ही पाय हवेत टाकलेला घोडा हा शौर्य दाखवण्याचा सोपा मार्ग. युरोपने तो माद्रिदच्या चौथ्या फिलिपच्या पुतळ्यापासून गिरवला आहे, आणि आज आपल्या गावोगावच्या चौकांत तोच गिरवला जातो. करमरकरांचा घोडा चालीत आहे. स्वाराला घाई नाही. त्याला कुठे जायचे ते ठाऊक आहे, आणि घोड्यालाही ते कळलेले आहे. (पुढचा एक पाय वर म्हणजे स्वार जखमांनी गेला, दोन्ही वर म्हणजे रणात पडला, असा जो मजकूर दर शिवजयंतीला फोनवर फिरतो त्याला काही आधार नाही. मार्कस ऑरेलियसच्या घोड्याचाही पाय उचललेला आहे आणि तो सम्राट आजाराने वारला.) ज्या शहरात पुतळ्यांवरून एकमेकांची डोकी फुटायची वेळ आली होती, तिथे हा संयम शैलीपुरता राहत नाही. आरोळी ठोकणारा पुतळा कुठल्या तरी एका बाजूचा झाला असता. हा कुणाच्याच अंगावर धावून जात नाही, म्हणून त्याच्यापुढे सगळ्यांना हार घालता आला.

तरीही या पुतळ्याला मी करमरकरांचे सर्वोत्तम काम म्हणणार नाही. चौथरा उंच आहे. मान वर करून पाहणाऱ्याला चेहरा पुरता सापडत नाही, आणि करमरकरांची खरी ताकद चेहऱ्यात, त्वचेखालच्या हाडात आहे. उंच चौथऱ्यावर ती अर्धी वाया जाते. शिवाय स्मारक समितीचे काम म्हटले की पोशाख, शस्त्र, जिरेटोप यांची अचूकता आधी येते. या सगळ्या बंधनांतून शिल्पकार किती मोकळा राहिला एवढेच पाहायचे असते. इथे तो घोड्यात मोकळा राहिला.

करमरकरांविषयी एक मत वरचेवर ऐकू येते: त्यांची शैली म्हणजे विलायती वास्तववादाची मराठी आवृत्ती, खरा करमरकर सासवण्यात, सरकारी कामांतून सुटल्यावर सापडतो. यातला दुसरा भाग मला अर्धा पटतो, पहिला मुळीच नाही. तो का नाही, हे कळण्यासाठी सासवण्याला जावे लागते. गेटवेहून मांडव्याला लाँच, तिथून रिक्षा. त्यांचे घर आता संग्रहालय आहे. तिथे कोळणी आहेत, कष्टकरी आहेत, गावातली माणसे आहेत, आणि एक म्हैस आहे. सिमेंटची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पावसाळा नुकताच उलटला होता. ती म्हैस पाहताना मला शिवाजीनगरचा घोडा आठवला, आणि मग उलटे झाले: परत आल्यावर घोड्यात म्हैस दिसू लागली. जनावराचे वजन कुठे असते, ते कोणत्या सांध्यावर तोललेले असते, कातडी कुठे सैल पडते आणि कुठे ताणली जाते, हे रॉयल अकॅडमीत शिकता येते. पण ज्याने लहानपणी गोठ्यात उभे राहून पाहिले आहे त्यालाच ते इतके बिनबोभाट दाखवता येते. लंडनने त्यांना मापे दिली. जनावर त्यांच्याकडे आधीपासून होते.

मग फरक कशात आहे? माझ्या मते साहित्यात. ब्राँझला समिती लागते, वर्गणी लागते, राजेरजवाडे लागतात, गोदीतली भट्टी लागते. सिमेंटला एक गोणी आणि घमेले पुरते. करमरकर सिमेंटकडे वळले तेव्हा त्यांना पहिल्यांदाच कुणाची मंजुरी न घेता मोठ्या आकाराचे काम करता आले, आणि त्यांनी काय केले? सिंहासन नाही, तलवार नाही. म्हैस केली. स्मारकाचा मान म्हशीला दिला. गणपतराव म्हात्र्यांनी १८९६ मध्ये ‘मंदिरपथगामिनी’ घडवली तेव्हा देवळाकडे निघालेली साधी मराठी बाई शिल्पाचा विषय झाली. पण ती प्लास्टरमधली तरुणी अजून थोडी ग्रीक चालीने चालते. करमरकरांच्या कोळणी आपल्या चालीने चालतात. एवढे अंतर दोन पिढ्यांत पडले.

स्वस्त साहित्याचा हाच हिशेब आमच्या बागेत मात्र उलटा झाला. सिमेंटने करमरकरांची समितीच्या तावडीतून सुटका केली. फायबरने समितीची शिल्पकाराच्या तावडीतून केली. साचा तयार असतो. उंची सांगायची, रंग सांगायचा, तारीख सांगायची. चेहरा जुळला नाही तर पुढच्या खेपेला जुळवू, असे मला खरोखर सांगण्यात आले होते.

पाटीचे प्रकरण मनाला लागले म्हणून मी त्या शिल्पकाराला जाऊन भेटलो. शहराबाहेर पत्र्याची शेड, दारात तीन घोडे, तिन्ही मागच्या दोन पायांवर. आत एका कोपऱ्यात, ओल्या फडक्याखाली, शाडूत केलेले एका म्हातारीचे डोके होते. ऑर्डरचे नव्हते. कानाच्या पाळ्या दागिन्यांनी ओघळलेल्या, एक डोळा किंचित बारीक. कोण, असे विचारले तर म्हणाले, आई. मी पाटीची गोष्ट काढली, नाव घालायला हवे होते म्हणालो. त्यांनी फडके पुन्हा ओले करून डोक्यावर नीट पसरले आणि म्हणाले, “नावाचं राहू द्या हो सर. फोन नंबर टाकता आला तर बघा.”