पाटी आणि पंगत : मुंबईतील उपाहारगृहांचे एक वाचन

मुंबईत बाहेर जेवण्याविषयी जे लेखन होते ते बहुतांशी चवीचे लेखन असते. पदार्थ कसा होता, सजावट कशी होती, दर परवडण्याजोगे होते की नाही, एवढ्या तीन प्रश्नांत वृत्तपत्रीय उपाहारगृह-समीक्षा आटोपते. हे लेखन निकृष्टच असते असे नव्हे. 'बिझीबी' या टोपणनावाने लिहिणारे बेहराम काँट्रॅक्टर यांनी साध्या, गल्लीबोळातील खाणावळींना पंचतारांकित भोजनगृहांच्या बरोबरीने स्थान दिले आणि मुंबईच्या इंग्रजी वाचकाला आपल्याच शहराचा नकाशा नव्याने दाखविला. मराठीत पु. ल. देशपांडे यांच्या 'माझे खाद्यजीवन' या लेखाने खाण्याच्या स्मृतीला ललित गद्याची प्रतिष्ठा मिळवून दिली. तथापि या दोन्ही परंपरांत 'वैविध्य' हा शब्द गृहीत धरलेला असतो. इराण्याचा ब्रून मस्का, उडुप्याचा डोसा, मालवणी सुरमई, भेंडीबाजारातील नळी निहारी ही जणू एकाच मोठ्या ताटात वाढलेली वाटीवाटीची श्रीमंती आहे, असे चित्र त्यातून उभे राहते. ही वाट्यांची आरास कोणी, कशासाठी आणि कोणाला वगळून मांडली, हा प्रश्न चवीच्या समीक्षेला पडत नाही.

फ्रँक कॉनलन यांच्या 'डायनिंग आउट इन बॉम्बे' (१९९५) या निबंधाने या प्रश्नाची दिशा दाखविली. घराबाहेर जेवणे ही या शहरात प्रथम चैन नव्हती. ती स्वयंपाकघर नसलेल्यांची गरज होती, आणि कोणाच्या हातचे खावे याविषयीच्या संकोचाने ती जखडलेली होती. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ साली मध्यमवर्गीय पाककृती-पुस्तकांवरून 'राष्ट्रीय' पाकपरंपरा कशी घडते याचा शोध घेतला; परंतु पुस्तक वाचणाऱ्या गृहिणीच्या स्वयंपाकघरात जे घडते त्याहून वेगळे काही अनोळखी माणसाच्या शेजारी बाकावर बसताना घडते. म्हणून उपाहारगृहाच्या समीक्षेने पदार्थाआधी टेबल पाहावे, आणि टेबलाआधी दारावरची पाटी वाचावी, अशी भूमिका येथे मांडावयाची आहे. पाटी ही उपाहारगृहाची संहिता आहे, आणि पंगत हा तिचा पूर्वसंदर्भ.

पंगतीचा संदर्भ मुंबईच्या प्रबोधनाच्या इतिहासातच आहे. १८४९ साली स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सदस्य गुप्तपणे एकत्र जमत आणि ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन जातिबंधन तोडल्याची साक्ष देत. पाव खाणे हा त्या काळी सिद्धान्त होता, आणि तो दाराला कडी लावून आचरावा लागे. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाने ग्रामण्य उभे राहिले आणि रानडे, टिळक यांच्यासारख्यांपुढेही प्रायश्चित्ताचा प्रश्न आला. परधर्मीयाच्या हातचा पाव आणि परधर्मीयाच्या घरचा चहा, या दोन गोष्टींनी महाराष्ट्रातील सुशिक्षितांची अर्धशतकभर झोप उडविली होती.

नेमक्या याच दोन वस्तू इराण्याने संगमरवरी टेबलावर ठेवल्या, आणि कोणाला काही विचारले नाही. धोबी तलावचे कयानी (१९०४) किंवा बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया (१९२३) यांच्याकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांचे महत्त्व बेरी पुलाव आणि मावा केक यांच्या पलीकडे जाते. रस्त्याच्या कोपऱ्यावरील जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत म्हणून त्या इराण्यांना मिळाल्या, असे नेहमी सांगितले जाते. ही आख्यायिका खरी असो वा नसो, कोपऱ्याला दोन बाजूंनी दारे ठेवता येतात, आणि दोन रस्त्यांवरचे लोक एका खोलीत येतात, ही वस्तुस्थिती आहे. गिऱ्हाईक कोठला, कोणत्या जातीचा, याची चौकशी न करणे हा इराण्याच्या धंद्याचा पाया होता. त्याला समतेचे तत्त्वज्ञान म्हणण्याची घाई करू नये. ती उदासीनता होती. पण ज्या समाजात विचारपूस हीच शिक्षा असते तेथे उदासीनतेचेही मोल मोठे.

जात न विचारणारा इराणी इतर सर्व बाबतींत मात्र पाट्या लावून ठेवी. गप्पा मारीत बसू नये, केस विंचरू नयेत, थुंकू नये, अशा सूचनांच्या फलकांवरूनच निस्सीम इझिकेल यांची 'इराणी रेस्टॉरंट इन्स्ट्रक्शन्स' ही कविता घडली. तिच्यातील विनोद सर्वांच्या लक्षात येतो. त्या निषेधांच्या यादीत काय नाही, याकडे सहसा लक्ष जात नाही : जन्मावरून लागू होणारा एकही निषेध तीत नाही. ते सारे नियम वर्तनाचे आहेत, आणि वर्तन सुधारता येते. अरुण कोलटकर यांच्या इराणी हॉटेलवरील कवितेतही शहाची तसबीर, काचेच्या कपाटातील शिळा केक आणि आरसा यांच्यामध्ये बसलेला माणूस आहे. त्याला कोणी ओळखत नाही आणि उठवीतही नाही. गतकाळाच्या हळव्या आठवणींत इराण्याचे जे चित्र रंगविले जाते त्यापेक्षा या दोन्ही कवितांचा कोरडेपणा सत्याला अधिक जवळचा आहे. वरच्या मजल्यावरील 'फॅमिली रूम' ही पाटीही विसरता कामा नये. एकटी स्त्री त्या खुल्या दालनात आपली म्हणून बसू शकत नव्हती, हेच ती पाटी सांगत होती.

उडुपी उपाहारगृहाने याच संकोचावर उलट उपाय शोधला. इराण्याने प्रश्न विचारणेच टाळले. उडुप्याने उत्तर आधीच देऊन ठेवले. माटुंग्याच्या स्थानकाजवळ ए. रामा नायक यांनी १९४२ साली सुरू केलेल्या श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर वाढले जाणारे जेवण पाहिले की ही रचना ध्यानात येते. पान एकदाच वापरून टाकायचे, म्हणजे उष्ट्याची शंका नाही. स्वयंपाकी कोणत्या परंपरेतला हे सर्वांना ठाऊक, म्हणजे हातची शंका नाही. दक्षिण कानडा जिल्ह्यातून आलेल्या, दिवसा कपबशा उचलणाऱ्या आणि रात्रशाळेत शिकणाऱ्या मुलांच्या बळावर हा व्यवसाय शहरभर पसरला. 'राईस प्लेट' हा त्याचा खरा शोध होय. ताट न म्हणता प्लेट म्हटल्याबरोबर पंगत संपली. पुढचा माणूस केव्हा उठतो याची वाट पाहणे उरले नाही. साठोत्तरी काळात शिवसेनेच्या दाक्षिणात्यविरोधी आंदोलनाचा रोष या हॉटेलांनी सोसला, आणि तरीही मराठी मध्यमवर्गाची रविवार-सकाळ इडली-सांबाराशिवाय उजाडेनाशी झाली. या विसंगतीवर मराठी समीक्षेने अद्याप पुरेसे लिहिलेले नाही.

वसाहतकाळात हॉटेलांच्या पाट्यांवर 'हिंदू', 'ब्राह्मण' ही विशेषणे उघडपणे मिरविली जात. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहांतील प्रवेशास जातीवरून होणारी मनाई नाकारली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने तर उपाहारगृहातील भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरविला. कायद्याला भांड्यापर्यंत उतरावे लागले, यातच त्या काळच्या पेल्या-बशांचा इतिहास साठलेला आहे. त्यानंतर पाटी बदलली. 'ब्राह्मण' हा शब्द मागे पडला आणि 'शुद्ध शाकाहारी' हा शब्द सर्वत्र दिसू लागला. शाकाहार ही आहाराची निवड आहे आणि तिच्याविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु 'शुद्ध' हे विशेषण पदार्थाचे नसून परिसराचे आहे. 'शुद्ध मांसाहारी' अशी पाटी कोठे आढळत नाही. जो अर्थ उघडपणे मांडणे बेकायदा झाले तो एका विशेषणात कसा मुक्कामाला येतो, याचे याहून सुटसुटीत उदाहरण मिळणे कठीण.

इराणी आणि उडुपी यांविषयी निदान लिहिले तरी गेले. गिरणगावच्या खानावळीकडे उपाहारगृह-समीक्षा कधी फिरकली नाही, कारण तिला पाटीच नव्हती. परळ, लालबाग, शिवडीच्या चाळींतील दहा बाय दहाच्या खोलीत एखादी बाई घाटावरून वा कोकणातून आलेल्या, कुटुंब गावी ठेवलेल्या गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घाली. पाळ्या तीन, म्हणून चूलही तीन पाळ्यांची. हिशेब महिन्याचा, पगार झाला की पैसे मिळत. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज तिच्या माथी. ही मुंबईतील सर्वांत मोठी 'बाहेर जेवण्याची' व्यवस्था होती, आणि ती कोणा एका बाईच्या घरात होती. बाहेरचे आणि घरचे ही विभागणीच येथे कोसळते. ज्या बायकांनी या शहराला बाहेर जेवू घातले त्यांपैकी कोणी इराण्याच्या फॅमिली रूममध्ये कधी बसली असेल, असा संभव फारच थोडा.

या खानावळीचेही गौरवीकरण करू नये. कामगार आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या बाईकडे जेवत; गिरणीत शेजारी उभा राहणारा माणूस जेवायला शेजारी असेलच असे नव्हते. गिरणीच्या आतही फार वेगळे नव्हते. धोट्यात धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता, आणि १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. तोंड आणि हात यांचे हे भय यंत्रापर्यंत पोहोचले होते, तर चुलीपाशी ते नसते तरच नवल. १८९० पासून संघटितपणे चालत आलेली डबेवाल्यांची प्रसिद्ध यंत्रणाही, तिच्या कार्यक्षमतेचे कौतुक क्षणभर बाजूला ठेवले तर, दुसऱ्याच्या हातचे खावे लागू नये या इच्छेवर उभी राहिलेली आहे.

तरीही खानावळवालीचे श्रम हे श्रम आहेत, ही गोष्ट १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले तेव्हा प्रथम ठसठशीतपणे पुढे आली. संपाच्या काळात कामगारांना उधारीवर जेवू घालून या बायका कर्जात बुडत, आणि कामगार चळवळीच्या इतिहासात त्यांची नोंद नसे. मंडळाने त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. 'कारागीर', 'उद्योजक' यांपैकी कोणत्याच रकान्यात न बसणाऱ्या बाईला बँकेच्या कागदावर नाव मिळाले. खानावळीला लाभलेली ही पहिली पाटी म्हणता येईल. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मिटलाच नाही. माणसे गावी गेली, थकलेली बिले तशीच राहिली. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांच्या 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' (२००४) या ग्रंथातील मौखिक इतिहास वाचताना गिरणगावचा हा अंत भोंग्याइतकाच चुलीचाही होता हे जाणवत राहते. मराठी कवितेत हे जग ज्यांनी आणले त्या नारायण सुर्व्यांनी लहानपणी हॉटेलात कपबशा धुतल्या होत्या. उपाहारगृहाकडे मोरीच्या बाजूने पाहणारी ही नजर खाद्यसमीक्षेत आलेली नाही.

या पार्श्वभूमीवर अलीकडच्या 'अस्सल' चवीच्या ओढीचे मूल्यमापन करावे लागते. लंडनमध्ये २०१० साली सुरू झालेल्या 'डिशूम'ने मुंबईच्या इराणी हॉटेलाची प्रतिमा जगापुढे नेली आणि त्याबरोबर निषेधांची ती पाटीही शोभेची वस्तू म्हणून भिंतीवर आली. नियम पाळण्यासाठी नसून वाचून हसण्यासाठी आहे, हे तेथे सर्वांना माहीत असते. ही नक्कल प्रेमाने केलेली आहे, यात शंका नाही. मात्र मूळ जागी त्या पाटीखाली थोडक्या पैशांत तासभर बसता येत होते, आणि ते बसणे हाच तिचा आशय होता. जहांगीर कलादालनातील 'समोवार' १९६४ ते २०१५ एवढा काळ चालले आणि बंद झाले तेव्हा लिहिल्या गेलेल्या मृत्युलेखांत चित्रकार-लेखकांची नावे भरपूर आली. एका चहावर किती वेळ बसू दिले जाई, हा अर्थशास्त्राचा मुद्दा क्वचितच आला. शासनानेही याच काळात स्वस्त जेवणाच्या पाट्या लावून पाहिल्या. १९९५ नंतरची एक रुपयाची झुणका-भाकर केंद्रे टिकली नाहीत. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली आणि टाळेबंदीत तिचा दर पाच रुपये झाला. या दोन्ही योजनांची चर्चा राजकारणाच्या पानांवर झाली. त्या जेवणाची चव कशी होती, हे विचारण्याची आवश्यकता कोणत्याही खाद्यस्तंभाला भासली नाही.

कोलटकर ज्या 'वेसाईड इन'च्या खिडकीशी बसत ते उपाहारगृह आता नाही. पण त्या खिडकीतून दिसलेले 'काळा घोडा पोएम्स' (२००४) मध्ये आहे. 'ब्रेकफास्ट टाइम अॅट काळा घोडा' या दीर्घ कवितेत पदपथावर इडलीचा डबा घेऊन एक बाई येते, चौकातील बेघर तिच्याभोवती गोळा होतात, आणि काही मिनिटांनी ते सारे भोजनगृह नाहीसे होते. टेबलाशी बसलेला कवी आत आहे आणि कवितेचा विषय बाहेर. काच मात्र दोघांची आहे. मराठी-इंग्रजीतील कोणत्याही उपाहारगृह-परीक्षणाने ही काच अद्याप दाखविलेली नाही.

माहीमच्या दर्ग्याच्या परिसरात काही साध्या हॉटेलांसमोर, दारापाशी माणसे ओळीने उकिडवी बसलेली असतात. रस्त्याने जाणारा कोणी गल्ल्यावर पैसे देतो आणि 'दहा माणसे' किंवा 'वीस माणसे' एवढेच सांगतो. मालक तेवढी डोकी मोजतो, त्यांना जेवण मिळते, उरलेली पुढे सरकून बसतात. पैसे देणारा थांबून पाहत नाही, जेवणारा त्याचे नाव विचारीत नाही. या ओळीवर कोणतीही पाटी नसते.